साडूंची नोंद नसलेला रस्ता

मत्सराचे प्रकार पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचा मत्सर खिडकी लावून घेतली की निम्मा होतो, कचेरीतल्या सहकाऱ्याचा मत्सर सुट्टीच्या दिवशी विश्रांती घेतो, आणि शाळासोबत्याचा मत्सर त्याला टक्कल पडल्याचे कळताच पुरता बरा होतो. साडूच्या मत्सराची गोष्ट मात्र निराळी. साडू आपण निवडलेला नसतो आणि तो रक्ताचाही नसतो. त्याचे आपले नाते एवढेच, की एकाच परीक्षकाने तपासलेल्या आपण दोन उत्तरपत्रिका असतो. हा परीक्षक, म्हणजे सासूबाई, गुण कधी जाहीर करीत नाही. ते जेवताना, सहज, तिसऱ्याच कोणाशी बोलता बोलता दिले जातात, आणि ज्याला कमी पडतात त्याच्या घशात घास अडकतो.

पाणीपुरवठा खात्यातल्या आरेखकांच्या घशात असा घास गेल्या हिवाळ्यात अडकला होता आणि अजून खाली उतरला नव्हता.

आरेखकांच्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान चष्म्यांच्या दुकानाचे मालक होते, आणि घरात सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस हसतमुख. डोक्यावर सदैव काळा गॉगल चढवलेला, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांची काळजी करण्याची सवय. त्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली, आणि सासूबाईंना डोंगरापलीकडल्या गावी, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्कांकडे, नेऊन आणले. परतल्यावर सगळे कुटुंब जेवायला बसले असताना सासूबाई म्हणाल्या, "प्रवास कधी संपला ते कळलंसुद्धा नाही, हो."

बस्स, एवढेच वाक्य. आरेखकांनी ते पुढे कित्येक दिवस सर्व बाजूंनी तपासले. त्यात एकही विशेषण नव्हते, अतिशयोक्ती नव्हती, आणि म्हणूनच खोडून काढायला कुठे बोट ठेवायलाही जागा नव्हती. याच सासूबाईंना आरेखकांनी वर्षानुवर्षे आपल्या पेट्रोलच्या गाडीतून दवाखान्यात, लग्नांना आणि स्टेशनावर पोचवले होते. गाडीतून उतरताना त्या दर वेळी जे म्हणत तेही आरेखकांना पाठ होते. त्या म्हणत, "पोचलो एकदाचे."

तेव्हा उन्हाळ्याच्या आत आरेखकांच्या दारातही विजेची मोटार उभी राहिली, यात नवल ते काय? पर्यावरणासाठी घेतली, असे ते सांगत. पत्नी ते ऐकून घेई आणि म्हणे, "हो, घरातल्या पर्यावरणासाठी."

आणि संधी चालून आली. अक्कांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती आणि सगळे नातेवाईक त्यांच्याकडे जमणार होते. चष्मेवाले आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे ताई, तयारीसाठी आधीच पुढे जाणार होते. सासूबाईंना घेऊन येण्याचे काम धाकट्या जावयाकडे आले. आरेखकांनी मनाशी निश्चय केला, की अक्कांच्या अंगणात, सगळ्या गोतावळ्यासमोर, चष्मेवाल्यांच्या कानांवर पडेल अशा बेताने, सासूबाईंच्या तोंडून ते वाक्य आपल्यासाठी वदवून घ्यायचे. तेच वाक्य, शेवटच्या 'हो'सकट.

पेट्रोलच्या गाडीने लांब जाणाऱ्या माणसाला योजना लागत नाही; त्याला फक्त बायको वेळेवर तयार व्हावी लागते. विजेच्या गाडीचे तसे नाही. तिची बॅटरी अर्ध्या रस्त्यात तहानते, आणि तिची तहान भागवणारी ठिकाणे नेमकी कुठे आहेत ते आधी शोधावे लागते. त्यासाठी मोबाइलवर एक ॲप असते. त्यात चार्जर नकाशावर टिंबांच्या रूपाने दिसतात, आणि प्रत्येक टिंबाखाली आधी येऊन गेलेल्या लोकांनी आपापले शेरे लिहिलेले असतात.

अक्कांच्या गावाला दोन रस्ते जात होते. एक मोठा, सपाट, डोंगराला वळसा घालून जाणारा. दुसरा जुना, डोंगरावरून चढून उतरणारा. आरेखकांनी मोठ्या रस्त्यावरचे पहिले टिंब दाबले. खाली गॉगलवाला फोटो आणि शेरा: "अप्रतिम सोय! सासूबाई खूश!" त्यांनी दुसरे टिंब दाबले. "झकास! कॉफी घेईपर्यंत गाडी तयार!" तिसऱ्याखाली चष्मेवाल्यांचा नुसता अंगठा होता, आणि त्या अंगठ्यामागे, किंचित धूसर, सासूबाईंचे समाधानी हास्य. मोठ्या रस्त्यावर असा एकही चार्जर उरला नव्हता, जिथे हा मनुष्य आपल्याआधी पोचलेला, चार्ज झालेला आणि खूश झालेला नव्हता.

आरेखकांनी फोन पालथा ठेवला. उद्या आपण त्या रस्त्याने गेलो तर काय होईल, ते त्यांना स्वच्छ दिसले. अक्कांच्या अंगणात चष्मेवाले म्हणतील, "तिथे थांबलात ना? मी म्हटलंच होतं! कॉफी घेतलीत की नाही?" म्हणजे प्रवास आपला, पण यश त्यांचे.

मग त्यांनी जुन्या रस्त्यावरची टिंबे दाबली. तिथे दोन चार्जर होते, दोन्ही 'सुरू' या हिरव्या रंगात, आणि त्यांच्याखाली गॉगल नव्हता, अंगठा नव्हता, कोणाचा शेराच नव्हता. त्या रिकाम्या जागेकडे आरेखक एखाद्या शोधक प्रवाशासारखे बघत राहिले. जिथे साडूंची नोंद नाही, त्याच रस्त्याने जायचे, हा नियम त्यांनी त्या क्षणी स्वतःला घालून घेतला.

"मोठ्या रस्त्यानं का नाही जायचं?" पत्नीने विचारले.

"तिथे गर्दी असते."

"भाऊजी तर म्हणत होते, अजिबात गर्दी नव्हती."

"म्हणूनच आता झाली असेल," आरेखक म्हणाले. आपल्या उत्तरातला तर्क त्यांना निर्दोष वाटला.

सासूबाई विणकाम घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सुयांवरून मान वर केली. "डोंगराच्या रस्त्यानं जाणार म्हणता, जावईबापू?"

"हो आई. निसर्ग फार सुंदर आहे म्हणे."

"निसर्ग आहे," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "मोठ्या रस्त्यानं गेलो तर नाही का चालणार?"

"आई, तुम्ही फक्त बसायचं. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

सासूबाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिले, "बरं," म्हणाल्या, आणि लोकरीचे आणखी दोन गुंडे काढायला आत गेल्या.

आरेखकांचे निम्मे आयुष्य जलवाहिन्यांचे उभे छेद काढण्यात गेले होते. पाणी कुठे चढते, कुठे उतरते, कुठे दाब कमी पडतो, हे त्यांच्या बोटांत भिनलेले. वीज म्हणजे तरी काय, तारेतून वाहणारे पाणीच, या श्रद्धेने त्यांनी जुन्या रस्त्याचा उभा छेद काढला. त्यात चढ होते, उतार होते, उतारावर बॅटरीत परत येणारी वीज होती, आणि गळती होती. गळती म्हणजे गारेगार हवा, रेडिओ, आणि काचा उघडून बोलण्याची पत्नीची सवय.

दुर्दैवाने हा नकाशा कचेरीतल्या टेबलावर राहिला, शिपायाने तो बाकीच्या कागदांबरोबर मुख्य अभियंत्यांच्या खोलीत नेला, आणि जलवाहिनीचा समजून त्यांनी तो काळजीपूर्वक तपासला. परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता: 'दुसऱ्या चढावर दाब अपुरा. योजना फेटाळण्यात येत आहे. मध्ये एक टाकी प्रस्तावित करावी.' आरेखक दिवसभर दुखावलेले होते. मुख्य अभियंत्यांना विजेच्या गाडीतले काय कळते, असे ते चरफडले. वास्तविक संपूर्ण प्रवासाबाबत त्यांना मिळालेला हा एकमेव शहाणा सल्ला होता.

बाकीचे सल्ले इमारतीतून आले. समोरच्या दारातले होमिओपॅथ म्हणाले, "पूर्ण चार्ज कधीच करू नका. ते म्हणजे रोग दाबून टाकणं. थोडी द्या, पण वारंवार द्या. गाडीचा स्वभाव कसा आहे? तापट आहे का?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट जिन्यात वाट अडवून उभे राहिले. "चार्जिंगचं सोडा हो. डोंगरात बंद पडलात तर काय, याचा विचार केलाय?"

"नाही."

"मी केलाय," एजंट हळुवार आवाजात म्हणाले. "काल झोप लागली नाही मला."

निघण्याच्या आदल्या दिवशी आरेखकांनी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणला. वजन वाढले की चढाला वीज जास्त लागते. हे भौतिकशास्त्र होते, आणि त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नव्हते. तरीही पत्नीने मनाला लावून घेतले. तिची बॅग काट्यावरून दोनदा परत गेली, आणि तिसऱ्यांदा तिने स्वतःच काट्यावर उभे राहून विचारले, "आता मला कुठून कमी करायचं ते सांगा."

सासूबाईंचे सामान आले तेव्हा आरेखक थक्क झाले. मोठी छत्री. दोन थर्मास. पाठीला टेकायची उशी. लोकरीची पिशवी, तिच्यात नुकतीच पुरी झालेली एक चिमुकली पिवळी टोपी. आणि शेवटी एक घडीची खुर्ची.

"आई, गाडीत सीट आहे."

"आहे ना."

"मग खुर्ची कशाला?"

"बसायला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ही टोपी? तिकडे तर कोणाकडे लहान मूल नाही."

"असतं हो कोणाकडे तरी. वाटेत लागतं."

त्यांच्याशी वजनाविषयी बोलण्याची हिंमत आरेखकांत नव्हती. त्यांनी खुर्चीच्या बदल्यात आपले बूट काढून ठेवले आणि चपलांवर प्रवास करायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. गारेगार हवा बंद, रेडिओ बंद, काचा बंद. पहिल्या चढाला लागेपर्यंत गाडीच्या आत इतके उकडले, की पत्नीने योजनेच्या कागदाने वारा घ्यायला सुरुवात केली. आरेखकांची नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या आकड्यावर जास्त होती. आकडा योजनेपेक्षा थोडा भराभर उतरत होता. "आई, ठीक आहात ना?" ते दर वळणावर विचारीत. प्रवास संपल्याचे कळू नये, यासाठी तो चालू असल्याची आठवण माणसाला सारखी करून देऊ नये, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पहिला चार्जर फरश्यांच्या एका भल्यामोठ्या दुकानाच्या आवारात होता. दुकान बंद होते, पण चार्जर ताठ उभा होता आणि त्याचा दिवा हिरवा होता. आरेखकांनी विजयी मुद्रेने नळी गाडीत खुपसली. चार्जरच्या पडद्यावर अक्षरे आली: 'कार्ड दाखवा.'

रखवालदार लगबगीने आला. नाकावरून घसरणारा चष्मा त्याने वर सारला. चष्मा मोठा झोकदार होता. फक्त डाव्या कानावर सैल वाटत होता.

"कार्ड साहेबांकडे असतं," तो म्हणाला.

"आणि साहेब?"

"साहेब गावाला."

"परत कधी येणार?"

"ते कार्ड घेऊन गेलेत, म्हणजे लवकर नाही येणार." एवढे बोलून रखवालदाराची नजर गाडीच्या मागच्या सीटवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, आजी! या, या! खुर्ची आणलीत? बरं केलंत. सावली आता त्या भिंतीकडे सरकलीय, मागच्या—"

सासूबाईंना एकाएकी जोराचा खोकला आला.

आरेखक त्या वेळी गुडघे टेकून चार्जरच्या तळाशी काही गुप्त बटण आहे का ते शोधत होते. ते उठले तेव्हा सासूबाई भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पिवळी टोपी रखवालदाराच्या हातात होती. "नातवाला अगदी बरोबर होईल, आजी," तो सांगत होता. रखवालदार म्हाताऱ्या माणसांशी किती आपुलकीने वागतात, अशी आरेखकांनी मनोमन नोंद घेतली, आणि ते पुन्हा बटण शोधू लागले.

"अहो, इथून परत फिरू या," पत्नी म्हणाली. "मोठा रस्ता गाठता येईल अजून."

मागे फिरायचे म्हणजे अंगठ्यामागून जायचे. "पुढचा चार्जर सरकारी कचेरीत आहे," आरेखक म्हणाले. "सरकारला कार्ड लागत नाही."

ते खरे होते. सरकारला कार्ड लागत नाही. सरकारला उद्घाटन लागते. भूमापन कचेरीच्या मागच्या अंगणात दुसरा चार्जर उभा होता आणि त्याच्या कमरेला लाल फीत बांधलेली होती. उन्हाने ती गुलाबी झाली होती. आरेखक तडक हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले.

"चार्जर चालू करून द्या."

हेडक्लार्कनी मान वर केली नाही. "तो चालू नाही."

"ॲपवर सुरू दिसतोय!"

"कार्यान्वित आहे," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "चालू नाही. यात फरक आहे."

हा फरक आरेखकांना वास्तविक कळायला हवा होता. त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या अर्ध्या टाक्या पाण्यावाचून कार्यान्वित होत्या. परंतु टेबलाच्या अलीकडे उभे राहिल्यावर माणसाला ते आठवत नाही, जे पलीकडे बसल्यावर त्याला तोंडपाठ असते. ते भांडले. त्यांनी नागरिकाच्या हक्कांपासून सुरुवात केली आणि विजेच्या स्वरूपापर्यंत आले. वरून परवानगी आल्याशिवाय फीत कापता येत नाही, आणि फीत कापल्याशिवाय आत वीज सोडता येत नाही, हे हेडक्लार्कनी त्यांना तीन निरनिराळ्या शब्दांत समजावले. शेवटी ते चष्मा काढून पुसू लागले.

तेव्हा आरेखकांची नजर त्या चष्म्यावर पडली. तोच झोक, तीच चौकट. टेबलावर त्याचे घर उघडे पडले होते आणि त्याच्या आतल्या मखमलीवर सोनेरी अक्षरांत एका दुकानाचे नाव होते. आरेखकांच्या खिशातल्या चष्म्याच्या घरातही तेच होते.

"हा चष्मा... कुठून घेतलात?"

"घेतला नाही हो. भेट आली," हेडक्लार्क पहिल्यांदाच हसले. "हिवाळ्यात एक सद्गृहस्थ आले होते. फार दिलदार माणूस. तुमच्यासारखीच गाडी, तुमच्यासारखेच त्या फितीपाशी उभे राहिले, तुमच्यासारखेच माझ्याशी भांडले. नाही, तुमच्याइतके नाही भांडले. भांडता भांडता थांबले आणि म्हणाले, 'साहेब, तुमचा उजवा डोळा ताणतोय.' जाताना म्हणाले, मी इथे आलो होतो हे कोणाला सांगू नका. आठवड्यात पार्सल आलं. ते तुमचे कोणी लागतात का?"

आरेखक तडक बाहेर आले आणि त्या फितीसमोर उभे राहिले. सगळे एकदम लख्ख झाले. चष्मेवाले या रस्त्याने गेले नव्हते म्हणून इथे त्यांचे शेरे नव्हते, असे नाही. ते याच रस्त्याने गेले होते. प्रत्येक चार्जरपाशी फसले होते. आणि जिथे फसले तिथे त्यांनी काही लिहिले नव्हते, एवढेच. मोठ्या रस्त्यावरचे शेरे परतीच्या वाटेवरचे होते. आणि आरेखकांनी, जिथे साडूंची नोंद नाही तिथेच जायचे, हा नियम काटेकोरपणे पाळून, साडूंच्या फजितीच्या पावलावर पाऊल ठेवले होते. ज्यांनी ज्यांनी तो पराभव डोळ्यांनी पाहिला, त्या सर्व डोळ्यांवर चष्मेवाल्यांनी चष्मे चढवले होते!

त्यांना आनंद व्हायला हवा होता. साडूंचे गुपित हाती लागले होते. परंतु मत्सराचा स्वभाव मोठा विचित्र. आरेखकांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की फजितीतसुद्धा हा मनुष्य आपल्या आधी पोचला. आणि भांडतासुद्धा आपल्यापेक्षा नीट आले त्याला.

गाडीत बसल्यावर त्यांनी आरशातून मागे पाहिले. "आई, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?"

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या गाढ झोपल्या होत्या. सुया मात्र चालू होत्या.

आता मागे फिरण्याइतकी वीज उरली नव्हती. पुढे दुसरा चढ होता, तोच, ज्यावर मुख्य अभियंत्यांनी दाब अपुरा म्हटले होते. आरेखकांनी पत्नीला उतरून चालायला सांगण्याचा विचार केला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो सोडून दिला. गाडी कण्हत चढली. बॅटरीचा आकडा लाल झाला. तो शेवटच्या आकड्यावर येऊन थबकला तेव्हा रस्त्याच्या कडेला एक लांबट इमारत दिसली. धुराड्यातून वाफ निघत होती आणि मागच्या दोऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी वाऱ्याने फुगल्या होत्या. डोंगरातल्या हॉटेलांच्या चादरी धुणारी ती लाँड्री होती.

दारात एक धिप्पाड बाई उभ्या होत्या. नाकावर झोकदार चष्मा.

"आजी!" त्या तिथूनच ओरडल्या. "या! ह्या खेपेला दुसरे जावई का?"

आता खोकल्याचा उपयोग नव्हता. सासूबाईंनी डोळे उघडले आणि खिडकीची काच खाली केली. "हो. हे धाकटे."

"मोठे खालच्या मोठ्या रस्त्यानंच गेले असतील," बाई म्हणाल्या. "एकदा आलेला माणूस परत ह्या रस्त्यानं येत नाही. आणा गाडी मागे. मोठ्या इस्त्रीचा प्लग मोकळा आहे. पण वेळ लागेल हं. त्यांना दुपार लागली होती."

गाडी इस्त्रीच्या प्लगला लागली. वाफेने दाटलेल्या त्या लांब खोलीत, चादरींच्या ढिगांमध्ये, सासूबाईंनी आपली खुर्ची उघडली. आरेखकांनी एक पालथी बादली ओढली आणि ते त्यांच्यासमोर बसले.

"आई, तुम्ही सांगायचं तरी मला."

"शब्द दिला होता हो मोठ्यांना. बिचारे इथे ह्याच बादलीवर बसले होते. रडायचेच बाकी होते. म्हणाले, 'आई, घरी कळलं तर माझी काय पत राहील? आणि धाकट्यांना तर मुळीच कळता कामा नये. त्यांनी कसं सगळं मोजूनमापून केलं असतं!'"

"असं म्हणाले?" आरेखक बादलीवर सावरून बसले. "मोजूनमापून म्हणाले?"

"म्हणाले. तुम्ही दवाखान्यात नेताना कुठला खड्डा कुठे आहे ते आधी बघून येता, हेही त्यांना ठाऊक होतं. फार जळतात हो तुमच्यावर."

इतका गोड शब्द आरेखकांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. तेवढ्यात लाँड्रीवाल्या बाई उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. "नुसते बसण्यापेक्षा मोठ्या जावयांनी ह्यांच्या घड्या घालून दिल्या होत्या," त्या कौतुकाने म्हणाल्या. "काय सरळ घड्या! माझ्या पोरींनाही जमत नाहीत तशा."

गोडवा तिथल्या तिथे आटला. आरेखक उठले. "इस्त्री कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"अहो, इस्त्रीचं नको, भाजेल," बाई म्हणाल्या.

"इस्त्री कुठे आहे?"

दुपारभर त्या खोलीत आरेखक अभ्र्यांना इस्त्री करीत राहिले. रेघेवर रेघ, कोनावर कोन, जशी जलवाहिनी कागदावर उतरते तसे. चपलांवर वाफेचे पाणी गळत होते, चष्म्यावर धुके चढत होते. पत्नीने शेवटी पदर खोचला आणि घड्या घालायला घेतल्या. "भाऊजींपेक्षा सरळ घालू ना?" तिने विचारले. आरेखकांना पहिल्यांदाच वाटले, की आपल्या पत्नीला काही गोष्टी समजतात.

ऊन उतरता उतरता ते अक्कांच्या अंगणात पोचले. जेवण केव्हाच आटोपले होते, केक कापून झाला होता. सगळा गोतावळा बाहेर आला. आरेखकांचा सदरा सुरकुतलेला होता, पायांत चपला होत्या, आणि अंगाला साबणाचा वास येत होता. सर्वांच्या पुढे, डोक्यावर गॉगल चढवून, चष्मेवाले उभे.

"किती गं उशीर!" अक्का म्हणाल्या. "सकाळी निघालात ना? प्रवास कसा झाला?"

आरेखकांनी सासूबाईंना हात देऊन उतरवले. 'पोचलो एकदाचे' ऐकण्यासाठी त्यांनी मन घट्ट केले. दुसरे काही म्हणण्यासारखे उरलेच कुठे होते?

सासूबाईंनी पदर सारखा केला, एकवार मोठ्या जावयाकडे पाहिले, एकवार धाकट्याकडे पाहिले.

"अगं, कधी संपला ते कळलंसुद्धा नाही, हो," त्या म्हणाल्या.

तेच वाक्य होते. शेवटच्या 'हो'सकट. ज्याच्यासाठी एक मोटार घेतली, एक नकाशा फेटाळला गेला, एक दुपार वाफेत गेली, ते वाक्य अखेर आरेखकांच्या पदरात पडले होते, आणि ते कशाचे बनलेले असते हे आता त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांचे हास्य ओठांवरच थिजले होते. हिवाळाभर आरशात पाहिलेला चेहरा आरेखकांनी ओळखला, आणि त्यांना मोठे समाधान वाटले.

चष्मेवाले सामान उतरवायला पुढे आले. घडीची खुर्ची हातात येताच ते थबकले. मग त्यांनी गाडीत वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, "रखवालदाराचा चष्मा कसा बसलाय?"

आरेखकही वाकले. "डाव्या कानावर सैल आहे."

"मला वाटलंच होतं. पार्सलमध्ये दांडी वाकते." चष्मेवाल्यांनी सुस्कारा टाकला. "कोणाला सांगणार नाही ना?"

"मी तिथे गेलोच नव्हतो," आरेखक म्हणाले.

दोघांनी मिळून खुर्ची बाहेर काढली. पलीकडे सासूबाई अक्कांना नवीन विणकाम दाखवत होत्या. दोन जावई एकमेकांशी किती एकोप्याने वागताहेत, हे पाहून ताईंनी कौतुकाने मान डोलावली. आरेखकांच्या मनात मात्र दुपारपासून एक गोष्ट सलत होती, आणि ती विचारल्यावाचून त्यांना अन्न गोड लागले नसते.

"एक विचारू? ते अभ्रे... तुम्ही इस्त्री केले होतेत, की फक्त घड्या घातल्या होत्या?"

"फक्त घड्या."

"अस्सं," आरेखक ताठ होत म्हणाले. "मी इस्त्रीही केली."

चष्मेवाल्यांनी गॉगल डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला.

"किती?" त्यांनी विचारले, आणि त्यांचा आवाज किंचित चिरकला.